आधी व्यक्ती की आधी कुटुंब

(रुग्णालयातली नोंदणीची खोली. संगणकापुढे ताई, प्रोग्राम लिहिणारी. मागे तिचा धाकटा भाऊ, भूल देणारा डॉक्टर.)

डॉक्टर : ...आणि बाराला त्या बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचंय, ताई! साडेअकरा झाले.

ताई : अरे, डोक्यावर उभा राहू नकोस. पेशंटच्या नोंदी नातेवाइकांच्या नोंदींना जोडायला सकाळी प्रोग्राममध्ये 'कुटुंब' घातलं, तेव्हापासून संगणक अडून बसलाय. म्हणतो, 'व्यक्ती' म्हणजे काय ते मला ठाऊक नाही.

डॉक्टर : मग सांग ना त्याला!

ताई : सांगितलंय, पण दहा ओळी खाली. हा वरून खाली वाचतो.

डॉक्टर : व्यक्ती वर घे.

ताई : घेतली. तर विचारतो, 'कुटुंब' म्हणजे काय? व्यक्तीच्या वर्णनात कुटुंब येतं, कुटुंबाच्या वर्णनात व्यक्ती. कोणालाही आधी बसवा, दुसऱ्यावरून रुसतोच.

डॉक्टर : भूल देऊ का त्याला?

ताई : तुला विनोद सुचतायत!

डॉक्टर : सुचत नाहीयेत गं. ती बाई म्हणते, आईकडचं कोणीतरी भूल दिल्यावर टेबलावरच गेलं. कोण, कधी, तिला काही माहीत नाही. आणि गुडघा मोडलाय म्हणून मी तिला तीच भूल देणार.

ताई : थांब जरा. वर नुसती नावं जाहीर करते. व्यक्ती नावाचं काही आहे, कुटुंब नावाचं काही आहे, तपशील पुढे येतोय... घेतलं! निमूट घेतलं.

डॉक्टर : सुटलो.

ताई : कसला सुटतोस! आता प्रत्येकीची आई मागतोय. व्यक्तीला आई हवीच, असं मीच लिहिलंय. आईसुद्धा व्यक्ती, म्हणजे तिलाही आई. कुठवर पुरवू?

डॉक्टर : आमच्या नोंदी आजी-पणजीपाशी संपतात.

ताई : म्हणजे 'आई, किंवा माहीत नाही'. एवढंच लिहायचं होतं, डोकं कुठे होतं माझं! ...हं, चालला. नोंद क्रमांक?

डॉक्टर : चारशे बारा.

ताई : आई... आजी... आजीचा भाऊ. भूल दिल्यावर ताप चढला, अंग ताठ झालं. त्याच दिवशी गेला. आणि आईची मावसबहीण. तीही तशीच.

डॉक्टर : मावसबहिणीचं वय?

ताई : एकोणीस.

डॉक्टर : ...हा दोष रक्तातून येतो. पूर्ण भूल नाही देत. कमरेत इंजेक्शन देतो, नुसते पाय बधिर करतो. ते चालतं अशांना.

ताई : बारा वाजून जातील.

डॉक्टर : जाऊ देत. आधी तिच्याशी बोलतो.

ताई : काय सांगशील?

डॉक्टर : माफी मागेन. सकाळी मी तिला घाबरट म्हटलं होतं.