रोज एक पान

वर्षाराणी: खरंच तुम्ही केली ही, मामा? एकट्यानं?

शेषेराव: मंग कोन करनार? सासरा म्हातारा झाला म्हनून अडानी समजती का काय? बग की नीट. 'प्रथम पुण्यस्मरण'. त्या जोडाक्षरांपायी दोन दिस गेले माझे.

वर्षाराणी: बॉर्डर किती छान आलीय. पण मुदखेडात एवढी दुकानं आहेत, कुठूनही छापून आणायची. एवढा त्रास कशाला घेतला?

शेषेराव: आख्ख्या तालुक्याच्या लग्नपत्रिका रामलिंगानं ह्याच खुर्चीवर बसून केल्या. आन् त्याच्या वरसाची पत्रिका दुसऱ्याच्या दुकानातून आनू? मन मानंना. शटर उघडलं, जाळ्या झाडल्या आन् हे कंप्युटर शिकायचं पुस्तक घेऊन बसलो.

वर्षाराणी: हे त्यांनीच आणलेलं ना, नांदेडहून? तुमच्यासाठी?

शेषेराव: हाव. 'बाबा, एमएस ऑफिस शिका, म्हंजे मी गिऱ्हाइकाकडं गेलो की दुकान तुमच्यावर.' हे बग, पयल्या पानावर त्याच्या हातानं लिवलंय. 'बाबांसाठी. रोज एक पान. घाई करायची नाही.' तवा म्या हात बी लावला न्हाई. आता मातर त्याचा शब्द मोडत न्हाई. रोज एकच पान. पुढचं उलटून बी बगत न्हाई.

वर्षाराणी: मामा, मी नुसती पत्रिका बघायला नाही आले माहेराहून, मुरुडाहून. पोरीचं नाव राहिलंय.

शेषेराव: वरीस सरलं की बारसं करायचं, तूच म्हनलीवतीस. हाय का तुझ्या मनात एखांदं?

वर्षाराणी: माझ्या नाही. त्यांच्या होतं. मला सातवा लागला तेव्हा म्हणाले, 'मुलगीच होणार. मी बारशाची पत्रिका करून ठेवली.' मी असली चिडले! पोटातल्या लेकराची पत्रिका कुणी करतं का? तर हसायला लागले. 'म्हणून तर आईबापाचं नाव, तारीख, सगळं कोरं सोडलंय. नुसतं पोरीचं नाव टाकलंय. फाइलीला पण साधं "नमुना" म्हटलंय, कुणाची नजर नको. बारशाच्या दिवशी उघड.'

शेषेराव: काय म्हटलंय फाइलीला?

वर्षाराणी: नमुना. वर्षभर दुकानाची पायरी चढले नाही मी. ते नाव वाचलं की त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं होऊन जाईल, असं वाटायचं. म्हणून पुरवून ठेवलं. दहा महिने तिला चिमी चिमी करतेय. दुसऱ्या नावानं एकदाही हाक मारली नाही, तोंडाला सवय लागेल म्हणून. आज हिंमत केलीय. उघडता का तेवढी फाइल? मामा?

(शेषेरावांनी चष्मा काढला. पुस्तक मांडीवरून खाली घसरलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.)

शेषेराव: अठराव्या पानावर लिवलंय, वर्षा. 'नमुना उघडा. जुना मजकूर पुसा. नवा टाका. सेव्ह करा.' आन् कंप्युटरमधी नमुना नावाचीच फाइल घावली. मला वाटलं, पोरानं माझ्यासाठीच ठिवली.

वर्षाराणी: मग ही बॉर्डर...

शेषेराव: त्याच्यातलीच हाय.

वर्षाराणी: आधी दुसरी प्रत केली असेल ना? सेव्ह अ‍ॅज? ते तर कुणाचीही पत्रिका उघडली की पहिलं तेच करायचे.

शेषेराव: ते एकोनिसाव्या पानावर निघालं. दुसऱ्या दिशी.

वर्षाराणी: एकच पान पुढं बघितलं असतं, मामा! एकच!

शेषेराव: बोल. बोल तू. तो घाई करू नका म्हनला, म्या केली न्हाई.

वर्षाराणी: ते नाव बाकी कुठं नसणार. मोबाइल तर अर्धापूरच्या रस्त्यावर, अपघातात त्यांच्यासोबतच गेला. थांबा... पुसताना वाचलं असेल ना तुम्ही?

शेषेराव: वाचलं की. मोठ्यानं वाचलं. तुझी सासू चहा घेऊन आलती, तिला म्हनलं, कोन्या गिऱ्हाइकाच्या पोरीचं नाव हाय, लई ग्वाड हाय.

वर्षाराणी: मामी! अहो मामी, जरा इकडं या!

साखराबाई: हळू गं बाई. खांद्यावर आत्ता डोळा लागून ऱ्हायला पोरीचा. काय झालं?

वर्षाराणी: मामांनी तुम्हाला एक नाव वाचून दाखवलं होतं. चहा आणलात त्या दिवशी. काय होतं ते?

साखराबाई: म्हनले व्हते काहीतरी. पन माझं कुटं ध्यान? ह्या खुर्चीवर दुसरं मानूस बसलेलं पयल्यांदा बगून ऱ्हायले व्हते मी. तशीच माघारी फिरले. कामून? कोनाचं नाव?

शेषेराव: हिचं. तुझ्या खांद्यावर निजलीय तिचं. रामलिंगानं ठिवलेलं.

साखराबाई: अगं माय!

शेषेराव: एकेक अक्षर पुसलं म्या. मागून पुढं. घाई न्हाई केली. आन् त्याच जागी 'कै. रामलिंग' टाकलं. चार दिस झाले. आता आठवाया बसलो तर समदी अक्षरं सारखीच वाटायलीत. वर्षा, म्या तुझं लई वाटोळं केलं गं.

वर्षाराणी: 'अ'नं सुरू होतं? 'स'नं?

शेषेराव: न्हाई सांगता येत.

वर्षाराणी: मोठं होतं का लहान?

शेषेराव: कायच न्हाई, बाई. नुसतं ग्वाड हुतं, एवढंच.

वर्षाराणी: खरं सांगा. माझ्या समाधानासाठी नको. वाचून बरं वाटलं होतं तुम्हाला?

शेषेराव: हाव. हसलो हुतो.

साखराबाई: हसले व्हते. वरसात पयल्यांदा. तेवढं मातर माझ्या ध्यानात हाय.

वर्षाराणी: द्या तिला माझ्याकडं, मामी. उठू द्या, रडली तर रडू द्या. ये गं. चिमे, ऐकलंस का? तुझं नाव लई गोड होतं.