झोप न येणारी गाडी

नाही हो मिस्त्री, दिवे चालू राहिले नव्हते. मागच्या खेपेलाही तुम्ही हेच विचारलंत. दिवे मी स्वतः बघतो, दारं ओढून बघतो, मगच घरात जातो — घर काय, तळमजल्यावरच आहे, ती बघा खिडकी. लावा तुमच्या वायरी. आपल्या या जेचॉन गावाची थंडी बॅटरीला खाते असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग झालं तर. थंडीच असणार.

हं, झाली सुरू. आता अर्धा तास बंद करायची नाही, ठाऊक आहे मला. तोवर हा बार्लीचा चहा घ्या. तुम्ही समजावलेलं मी विसरलो नाही — शाळेत गेलो नाही, पण ऐकलेलं राहतं डोक्यात. पूर्वीची गाडी बंद केली की मेल्यासारखी पडून राहायची. आताची उभी असते, पण झोपत नाही. घड्याळ जागं, कुलपं जागी, चोरघंटा जागी, आणि दार आपलं कान लावून बसलेलं — चावी जवळ आली का, मालक आला का. आमची चावी त्या खिडकीशीच खिळ्याला असायची, म्हणजे गाडीला रात्रभर वाटायचं, मालक आलाच. ती चावी मी आत तांदळाच्या डब्यावर ठेवायला लागलो, तुमचं ऐकून. मग उरला काचेवरचा कॅमेरा. जावयाने बसवला. उभ्या गाडीला कोणी घासून गेलं तर कळावं म्हणून सगळेच बसवतात. समोर काही हललं की तो डोळे उघडतो, आणि बॅटरी पितो. तुम्ही म्हणालात, आजोबा, गाडीचं तोंड भिंतीकडे करा, नाहीतर उभी असताना कॅमेरा बंद ठेवा. बरोबर आहे तुमचं.

नाही, भिंतीकडे नाही लावली.

का म्हणजे — समोर म्हाताऱ्यांची खोली आहे ना, इमारतीची. तिथली जमीन खालून उबदार, दुपारी सगळे जमतात, फुलांच्या पत्त्यांचा डाव पडतो. मिरानची आई पण जाते. मिरान आमची मुलगी, तिची आई म्हणजे माझी बायको. मी नाही जात. मला पत्ते येत नाहीत. येतात, पण तिथे ग्वाक असतो. तिसऱ्या मजल्यावरचा, बुसानकडचा, शाळेत गाणं शिकवायचा. बायको गेली त्याची. मफलर बघावा एकेक. माणूस वाईट नाही, उगाच कोणाला नावं ठेवायची मला सवय नाही — पण डाव मोडला की हा सगळ्यांच्या आधी उठतो, उंबऱ्याशी वाकतो आणि हिचे बूट उचलून टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवतो. हिने नुसते पाय सरकवायचे. इतर बायकांचे करतो का? करतो, दोघी-तिघींचे. पण मला हिचेच दिसतात.

कॅमेऱ्यात, हो. मग, आणखी कशात दिसणार?

हसू नका. बरं, हसा. आज दर पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजाराचा दिवस. किमची मुरत घालायला कोबी आणायचे होते, हिवाळाभर पुरतील एवढे, आणि ही गाडी नुसती टकटक करून गप्प. मिरानची आई रिकामी पोती हातात घेऊन उभी. तेवढ्यात हा ग्वाक आला. त्याची गाडी म्हणजे जुना डबा हो, मिस्त्री. कॅमेरा नाही, काही नाही, चावी घालून फिरवावी लागते. फिरवली, लागली. त्या डब्यात जागं राहायला आहेच कोण? गाढ झोपून उठल्यासारखी उठली. आणि मीच म्हणालो, ग्वाकसाहेब, हिला तेवढं बाजारात न्या. मीच म्हणालो बघा. चारचौघांत रीत म्हणून तोंडातून जातं. ही बसली पुढे, त्याच्या शेजारी. मागच्या सीटवर म्हणे त्याचा अकॉर्डियन होता. थंडीत अकॉर्डियन कोण गाडीत ठेवतं?

बुटांचं मी सोडून दिलं असतं. पण मागच्या आठवड्यात गाडीची काच चुकून खाली राहिली होती, तर कॅमेऱ्यात आवाजही आला. ही खोलीतून निघाली, पिशवी आत विसरली, आणि मागून ग्वाकने हाक मारली — अहो छेसून. हिचं नाव आहे ते. मिरान झाल्यापासून मी तिला मिरानची आईच म्हणतो, सगळेच म्हणतात, आपल्यात तशीच पद्धत. पण ऐका ना, हाक आली आणि ही लगेच वळली नाही. दोन पावलं पुढे गेली. मग थांबली. आपल्यालाच हाक मारली हे तिला उमगायला तेवढा वेळ लागला. आणि मग वळली तेव्हाचा तिचा चेहरा — तो चेहरा मी लग्नाच्या वर्षी बघितला होता. मला वाटलं होतं, वयाबरोबर गेला तो. गेला नव्हता.

काल? काल नाही बसलो गाडीत. थोडा बसलो. इंजिन बंद ठेवून, कॅमेऱ्याचा तो छोटा पडदा चालू करून. ती वळते तेवढंच बघायचं, मागे न्यायचं, पुन्हा बघायचं. काचा धुरकटल्या तेव्हा कळलं, किती वेळ झाला ते. परवाही बसलो होतो. तर ही बॅटरी काही थंडीने नाही गेली. तुम्ही ओळखलंच असेल, बोलला नाहीत एवढंच. आणि तिला त्या माणसाच्या शेजारी कोणी नेऊन बसवलं, तर मीच, माझ्या या पहाऱ्याने.

ती कॅमेऱ्याची वायर ओढून काढा. नाही, त्या बटणाने नको, बटण मी पुन्हा दाबीन. मुळातूनच काढा.

आली बघा. तो डबा वळला फाटकातून, हेडलाइट एकच लागतो त्याचा. पुढेच बसलीय. कोबी मागे आहेत म्हणजे अकॉर्डियन कुठे गेला? जाऊ दे. कप द्या इकडे. तुम्ही निघा आता — मिस्त्री, खरंच निघा. मला एक नाव घेऊन बघायचंय. ग्वाक ऐकेल तर ऐकू दे, पण आणखी कोणासमोर मला ते जमायचं नाही.