माझ्या नावावर नोंदलेली दाढ

जबाब देणाराचे नाव : सुधींद्र गुंडेराव राजेश्वरकर. वय : ५४ वर्षे. व्यवसाय : संस्कृत अध्यापन, शासकीय पदवीपूर्व महाविद्यालय. राहणार : मंगलपेठ, बिदर. दिनांक : २२ फेब्रुवारी २०२५, शनिवार. वेळ : दुपारी चार.

मी ठाण्यात समक्ष उपस्थित राहून, कोणाच्याही दडपणाविना, स्वहस्ते मराठीत लिहून देतो की, मी हयात आहे. एरवी हे विधान मनुष्यास सेवानिवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात करावे लागते. मला ते सहा वर्षे आधी करावे लागत आहे. त्याचे कारण पुढीलप्रमाणे.

मंगळवार दि. ११ फेब्रुवारी रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास कोळार औद्योगिक वसाहतीतील एका गोदामास आग लागली. आग विझल्यावर कामगारांची हजेरी घेतली असता सर्वजण जिवंत आढळले; प्रेत मात्र एक निघाले. ओळख पटण्याजोगे त्यावर काही उरले नव्हते. वयाचा अंदाज यावा म्हणून प्रेताचा खालचा जबडा शहरातील एका दंतमहाविद्यालयात पाठविण्यात आला.

तेथे डॉ. विनीता या प्राध्यापिका बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील लोकांच्या दाढांच्या मुळांचा अभ्यास करतात. दाताच्या मुळातून नस जाण्याइतकी बारीक वाट असते, ती सर्वांची एकसारखी नसते, साध्या एक्स-रेत तिची केवळ सावली दिसते आणि त्रिमितीय प्रतिमेत ती आतून, सर्व बाजूंनी पाहता येते, असे त्यांनी मला समजावून सांगितले. जबड्याची प्रतिमा पडद्यावर येताच उजवीकडील दुसरी दाढ त्यांनी ओळखली. वाट चंद्रकोरीसारखी वळलेली, तळाशी तिला एक फाटा, आणि तो फाटा उलटा वर चढलेला. असे दुसरे उदाहरण त्यांच्या संग्रहात नाही. नोंदवहीत त्या दाढेचा धनी म्हणून माझे नाव, माझा हुद्दा आणि माझ्या ओळखपत्राचा क्रमांक आहे.

गुरुवार दि. २० रोजी सकाळी साडेदहा वाजता हवालदार बंडेप्पा व एक शिपाई माझ्या निधनाची वार्ता घेऊन माझ्या घरी आले. दार मीच उघडले.

"सुधींद्र सरांच्या घरचं कोण हाय?" हवालदारांनी टोपी काढून विचारले.

"मी सुधींद्र."

"तसं न्हाई सर. वारलेले सुधींद्र."

"त्यांचा नवा पत्ता मजजवळ नाही," असे मी उत्तर दिले. त्या क्षणी ते मला चांगले वाटले होते.

एवढ्यात माझी आई नलिनीबाई, वय ७९, बाहेर आली. "माझा सुधी हा समोर उभारलाय की! डोळे फुटलेत का तुमचे?" असे ती शिपायास म्हणाली. शिपायाने क्षमा मागितली. नंतर माझ्याकडे वळून तिने विचारले, "मग गेलं कोण म्हणायलेत रे?"

मी म्हणालो, "कुणी नाही."

त्याच वेळी मी हवालदारांना लेखी दिले की, सदर महाविद्यालयात मी कधीही उपचार घेतलेले नाहीत, नोंद सर्वस्वी चुकीची आहे, आणि यंत्रास बहुधा उन्हाळा आधीच लागला असावा. हवालदार हसले. मीही हसलो. त्या निवेदनातील पहिले वाक्य सत्य आहे. तथापि नोंद चुकीची कशामुळे झाली, हे लिहितानाच मला ठाऊक होते, आणि ते मी दडविले.

माझा धाकटा भाऊ श्रीहरी, वय ४९, अविवाहित, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची दाढ ठणकू लागली. सरकारी कर्मचाऱ्यास त्या महाविद्यालयात सवलत व अग्रक्रम मिळतो. श्रीहरीस सरकारने कधी ओळखले नव्हते, म्हणून मी माझे ओळखपत्र त्यास दिले. त्यावरील छायाचित्र वीस वर्षांपूर्वीचे असल्याने ते आम्हां दोघांपैकी कोणाचेही म्हणून चालण्यासारखे होते.

"अरे अण्णा, त्यांनी संस्कृत इचारलं तर?" असे तो म्हणाला.

"तोंडात यंत्र घातलेल्या माणसास संस्कृत कोणी विचारीत नाही," असे मी म्हणालो.

त्याच्यासोबत मी गेलो नाही. त्या दिवशी परीक्षा समितीची बैठक होती. दुसऱ्याचे ओळखपत्र वापरणे व वापरू देणे हा अपराध आहे, हे मला तेव्हाही ज्ञात होते.

श्रीहरी यास मी शेवटचे रविवार दि. ९ फेब्रुवारी रोजी दुपारी आमच्या घरी जेवताना पाहिले. त्या वेळचे आमचे बोलणे गुन्ह्याशी संबंधित नसल्याने येथे देत नाही. तो पिशवी घेऊन गावोगाव फिरतो आणि आठ-आठ दिवस फोन करीत नाही. त्यामुळे त्याचे न येणे आमच्या घरी घटना मानली जात नाही.

गुरुवारी हवालदार गेल्यापासून दिवस मावळेपर्यंत मी त्यास सदतीस वेळा फोन लावला. फोन बंद होता. शुक्रवारी सकाळच्या बसने ठाणाकुशनूर येथे गेलो. तेथील धान्याचे व्यापारी जगदेवप्पा यांच्याकडे तो नेहमी जातो. त्यांना मी श्रीहरी कोठे आहे असे विचारले.

"भाऊ तुमचा, अन् पत्ता मला इचारायलाव व्हय?" ते म्हणाले. "बुधवारी येतो म्हणला होता. दहा दिवस झाले, माझा काटा तसाच पडलाय. मंगळवारी कोळारात एका गोदामातला काटा बघायचाय, तिथनं इकडंच येतो म्हणला."

मी विचारले, "कोणता मंगळवार?"

"अकरा तारीख. कामून? काय झालं सर?"

मी काही झाले नाही असे सांगितले. त्यांनी चहा मागविला. तो मी घेतला नाही. तेथून, तो कामास जातो त्या दुबलगुंडी गावासही गेलो. तो तेथे पोहोचलेला नव्हता. इतके समजूनही मी शुक्रवारी सायंकाळी ठाण्यात आलो नाही. कोळारात गोदामे अनेक आहेत आणि काटे त्याहून अनेक, असा युक्तिवाद मी परतीच्या बसमध्ये तयार केला व तो मला पटला.

आज सकाळी अकरा वाजता मी डॉ. विनीता यांना भेटलो आणि माझे नाव सांगितले.

"न्हाई, तुम्ही ते न्हाईत," त्या म्हणाल्या. "ते सर चांगले आठवतात मला. संस्कृतचे प्राध्यापक, अन् खिशात स्क्रू-ड्रायव्हर. आमच्या प्रयोगशाळेतला काटा त्यांनी खुर्चीतून उठता उठता नीट करून दिला. छंद आहे म्हणाले."

मी त्यांना ओळखपत्राची हकीकत सांगितली. नंतर त्यांच्या संग्रहात एकूण किती जणांच्या प्रतिमा आहेत, असे विचारले. पाचशे बारा, असे उत्तर मिळाले. मी निवेदन केले की, दोन्ही जिल्ह्यांत मिळून माणसे चाळीस लाखांवर आहेत. पाचशे बारा मुखांचे अवलोकन करून उर्वरितांविषयी निर्णय देणे शास्त्रास शोभत नाही.

"बरोबर आहे सर," त्या म्हणाल्या. "नुसत्या आकारावर मी शपथ घेणार न्हाई. तशी दाढ आणखी कुणाची असू शकते."

या वाक्यानंतर सुमारे अर्धा मिनिट मी सुखी होतो, हे नोंदविणे आवश्यक आहे.

त्यांनी पडद्यावर दोन प्रतिमा शेजारी शेजारी लावल्या, एक २०२२ ची व दुसरी या आठवड्यातील. दोन्हींत त्या उलट्या फाट्याच्या तोंडाशी एक पांढरा ठिपका होता. "हे मात्र माझं आहे," त्या म्हणाल्या. "नस साफ करायची सुई त्या वळणात माझ्या हातून मोडली. दोन मिलिमीटरचं टोक आत राहिलं. ते काढता येतं का बघायलाच थ्री-डी केलं होतं. नाही निघालं. त्यांना सांगितलं, तर मलाच धीर दिला. म्हणाले, असू द्या मॅडम, माझ्याकडूनबी काट्यात एखादा स्क्रू राहतो."

हे वाक्य श्रीहरीचे आहे, हे ओळखण्यास मला यंत्राची गरज भासली नाही.

तरीही मी त्यांना म्हणालो की, नोंदवहीप्रमाणे मृत व्यक्ती मीच आहे. ती नोंद तशीच कायम ठेवता येईल काय? माझी त्यास हरकत नाही. त्यांनी नोंदवही मिटून बाजूला ठेवली. मी माझे तोंड तपासण्याची विनंती केली. त्यांनी मला खुर्चीत बसविले, दिवा लावला, आणि बराच वेळ पाहून म्हणाल्या, "सर, तुमची ती दाढ तर जागेवर न्हाईच." ती २०११ साली काढली आहे, हे मला ठाऊक होते. तपासणी करून पाहण्यास हरकत नाही, असे वाटले इतकेच.

सबब मी गुरुवारचे माझे लेखी निवेदन मागे घेतो. कोळार येथील आगीत सापडलेले प्रेत माझा सख्खा भाऊ श्रीहरी गुंडेराव राजेश्वरकर याचे आहे. सोमवारपर्यंत कोणी पुढे न आल्यास ते बेवारस म्हणून नगरपालिकेकडे सोपविले जाणार आहे, असे हवालदारांनी सांगितले. त्यास वारस आहेत. प्रेत माझ्या ताब्यात मिळावे. कागदोपत्री जेथे जेथे मृताच्या जागी माझे नाव पडले आहे, तेथे त्याचे नाव घालावे. ओळखपत्राच्या गैरवापराबद्दल जी शिक्षा होईल ती भोगण्यास मी तयार आहे, डॉ. विनीता यांचा त्यात दोष नाही, त्यांना आम्ही दोघांनी फसविले. तसेच, या वेळी वार्ता घेऊन कोणीही आमच्या घरी येऊ नये. आईस अद्याप सांगितलेले नाही. ते मी सांगेन.

लिहीत असता हवालदार बंडेप्पा म्हणाले, "सर, हे सगळं मला कन्नडात करायचंय. जरा हलकं लिवा की." याहून हलके मला लिहिता येत नाही, असे मी त्यांना सांगितले.

वरील जबाब मी स्वतः दोन वेळा वाचला आणि त्याची कन्नड प्रत हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविली. ठिकाणे, तारखा, वेळा, वये व नावे मी एकेक करून तपासली. कोठेतरी एक चूक निघावी या हेतूने तिसऱ्यांदा वाचण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. चूक निघाली नाही. म्हणून सही करीत आहे.

सुधींद्र गुंडेराव राजेश्वरकर
(मृताचा थोरला भाऊ)

समक्ष : बंडेप्पा, हवालदार