टेकडीमागची तुकडी

शेफिल्डच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हातारे उभे होते. एकाच्या काखेत नकाशाची गुंडाळी, दुसऱ्याच्या हातात शिशाच्या सैनिकांचा डबा. टेबलावर जुनी लढाई मांडून खेळून परतत होते.

"विल्फ, आज जिंकून मजाच आली नाही. तुझी एक तुकडी टेकडीमागे नुसती बसून होती!"

"धुकं होतं, क्लेम."

"टेबलावर कसलं आलंय धुकं?"

"लढाईच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. त्या पहाटे धुकं होतं."

"पुस्तकात हेही आहे की ती तुकडी सहाला ओढा ओलांडून पुढे गेली."

"आणि पुढच्या पानावर?"

"पुढच्या पानावर... ती तुकडीच नाही."

"माझे आजोबा होते त्यात."

"वीस वर्षं हीच लढाई खेळतोय आपण, आणि हे आज सांगतोस?"

"वीस वर्षं मी त्यांना नेमाने ओढ्यापार धाडलं रे. आज हात उचलवेना. म्हटलं, बसू देत जरा. चहा उकळत असेल त्यांचा."

बस आली. क्लेमने आधी तो डबा धरला, मग विल्फला वर चढू दिलं.

"माझ्या तोफांचा मारा टेकडीमागे पोचतो, माहितीये ना?"

"माहितीये."

"पुढच्या रविवारी माझ्या तोफांनाही काही दिसणार नाही. धुकं फार आहे."