घोंगडं आणि सरळ रेघ

हसू नका, पण ईसीजीची मशीनं दुरुस्त करणारा मी ईसीजीलाच भितो. मागच्या थंडीत एक मशीन नीट केलं आणि तपासायला जतला सासऱ्यांकडे नेलं. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, छाती उघडी केली तरी घोंगडं सोडेना.

मी त्यांच्या हातापायांना मशीनचे चिमटे लावले. "मामा, हलू नका, बोलू नका."

रेघ छान नाचत होती. तेवढ्यात त्यांनी घोंगडं अंगावर ओढलं आणि रेघ एकदम सपाट झाली. मामांचे डोळे मिटलेले.

"मामा?" मी वाकून विचारलं. "आवं मामा, ऐकताय का?" बायको आत चहा करत होती, तिला काय सांगू?

आणि रेघ परत नाचायला लागली. कोरड्या हवेत लोकर घासून वीज उठली होती. त्या विजेनं मशीनमधले वीज साठवणारे कपॅसिटर भरले, ते रिकामे होईपर्यंत रेघ सपाटच राहणार. हे मला पाठ आहे, पण तेव्हा एक अक्षर आठवलं नाही.

मामांनी एक डोळा उघडला. "बोलू का आता?"

"बोला."

"पावनं, तुमच्या तोंडाचा रंग लय उडालाय. तुमी झोपा हितं, चिमटे तुमाला लावू."