वाचणारा जावई

पुस्तकं सुचवायची जबाबदारी माझ्यावर टाकताय, पण मी सुचवलेल्या एका कादंबरीने लग्न जुळलंय, ते आधी ऐका.

भिसेगावचा माझा भाचा संतोष पळसदरीला मुलगी बघायला निघाला, सोबत मी. मुलीच्या वडिलांना म्हणे वाचणाराच जावई हवा होता आणि आमच्या संतोषने टेंपोमागच्या शायरीपलीकडे काही वाचलेलं नाही.

"मामा, फोटो बघूनच मुलगी लय आवडलीय. आवडती कादंबरी इचारली तर काय सांगू?"

मी जागच्या जागी एक बनवली. "सांग, 'चुलीमागचा समुद्र'. शेवटी नायक मरतो."

पोह्यांच्या बश्या आल्या, पाठोपाठ प्रश्नही आला. संतोषने नाव ठोकून दिलं. मुलीच्या वडिलांनी डोळेच मिटले. "वा! मी दोनदा वाचलीय. शेवटाला तर रडवलं हो!"

माझ्या घशात पोहे अडकले. मुलगी चहा आणायला आत गेली होती. तिने मोबाइलवर शोधलं असावं, कारण स्वयंपाकघरातून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"आई, असली कादंबरीच नाय गं! दोघंपण थापा मारतायत. होकार देऊन टाक, बाबांमुळे मला सवय हाय."