शेटजींनी बांधलेला पट्टा

बाळंतिणीचं पोट कशानं बांधावं हे मला कुणी शिकवू नये, बाई! धाकटीच्या वेळी सासूबाई जुनं धोतर घट्ट गुंडाळायच्या. पण झरीच्या शाळेत परत रुजू व्हायचं होतं, अन् पहिलीच्या वर्गातल्या पोरांपुढं ते सुटलं तर? म्हणून परभणीला कापडदुकानात गेले.

शेटजींनी नायलॉनचा पट्टा काढला. "मुंबईचा माल हाय, बाई. लय आराम!"

"ह्यात घाम कुठं जिरायचा? अन् मला दिवसभर पोरांजवळ उकिडवं बसावं लागतं."

"काई होत न्हाई. हे बघा!" म्हणून त्यांनी सदऱ्यावरच पट्टा चढवला अन् पाठीमागं हुक लावून घेतले.

म्हणलं, "छान. आता उकिडवं बसून दाखवा."

बसले, तसा पट्टा गुंडाळत छातीवर चढला. शेटजी लालबुंद, धडपडत उठले. हुकांपर्यंत हात पोचेना. दारात गिऱ्हाईक उभं.

"बाई, तेवढे हुक काढता का?"

"काढते की! आधी मला पट्ट्यासाठी सुती मांजरपाट फाडा. अन् बांधायला नाड्या पण द्या."